मे महिन्यातलं कोकण आणि नाजूक पोट: मेडिकलमधून काय घ्यावं, काय काउंटरवरच ठेवून यावं

आयबीएसवाल्या (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे कधी गच्च तर कधी पातळ होणाऱ्या, कळा येणाऱ्या नाजूक पोटाच्या) माणसाची कोकणच्या सुट्टीची तयारी बहुधा निघायच्या आदल्या संध्याकाळी, मेडिकलच्या काउंटरवर होते. ‘पोटासाठी काहीतरी द्या हो’ म्हटलं की समोर ढीग पडतो: टेट्रापॅकमधलं गोड पेय, मुरड्याच्या गोळ्यांची पट्टी, चांगल्या जंतूंच्या कुप्या, चूर्णाची डबी आणि ‘लागलं तर असू द्या’ म्हणून एखादं अँटिबायोटिक. त्या काउंटरवरची सगळ्यात कामाची वस्तू, ओआरएसची पुडी, वीस-पंचवीस रुपयांची असते, आणि नेमकी तीच चुकीची कालवली जाते.

हे परीक्षण त्या काउंटरवरच्या मालाचं आहे. निकष एकच. पस्तीस अंशांची दमट हवा, सात-आठ तासांचा प्रवास आणि दुसऱ्याच्या हातचं जेवण, यात ती वस्तू टिकते का आणि उपयोगी पडते का?

उन्हाळ्यात नाजूक पोट दोन्ही बाजूंनी मार खातं. घाम जातो तेवढं पाणी प्यायलं जात नाही, मग मोठं आतडं मळातलं पाणी ओढून घेतं आणि पहिले दोन दिवस पोट गच्च. त्याच वेळी ५ ते ६० अंशांच्या दरम्यान उघड्यावर राहिलेल्या अन्नात जंतू वाढत असतात, आणि परिस्थिती पोषक असेल तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. तिसऱ्या दिवशी त्याच माणसाला जुलाब. म्हणून एकाच दिशेचं औषध घेऊन निघणं हा पहिला घोळ.

ओआरएस: पुडी घ्या, खोकं नको

एक लिटरच्या पुडीत जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. लहान आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेणारी वाहक प्रथिनं असतात, आणि त्या जोडीच्या मागोमाग पाणी शरीरात शिरतं. जुलाब चालू असतानाही हा रस्ता बंद पडत नाही. म्हणूनच या सूत्रात दोन्ही समसमान आहेत, लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम आणि ७५ मिलिमोल ग्लुकोज. क्षार आणि ग्लुकोज मिळून तीव्रता लिटरमागे २४५ मिलिऑस्मोल, म्हणजे रक्तापेक्षा किंचित कमी. २००२ च्या आधीचं सूत्र ३११ चं होतं. ते पातळ केल्यावर जुलाबाचं प्रमाण आणि उलट्या कमी झाल्या. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं असंच पाणी पिंपांतून वाटलं आणि कॉलऱ्याच्या मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासवरून ४ टक्क्यांच्या खाली आणलं. पद्मविभूषण त्यांना मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

बाजारात इलेक्ट्रालची २१.८ ग्रॅमची पुडी सर्वात सहज मिळते, अगदी देवगड-वेंगुर्ल्याच्या छोट्या दुकानांतसुद्धा. कंपनी कोणतीही चालेल. पाकिटावर डब्ल्यूएचओ सूत्राचा उल्लेख आणि ‘एक लिटर पाण्यात’ ही सूचना दोन्ही आहेत, एवढं बघा. जनऔषधी दुकानातली पुडी आणखी स्वस्त पडते. चवीला खारट-गोड, फारशी बरी नाही. बरी लागणं हे तिचं काम नव्हे. चव सुधारायला वरून साखर घातली की मात्र सगळं सूत्रच बिघडतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मोठी पुडी पेल्यात ओतणं. एक लिटरची अख्खी पुडी २०० मिली पाण्यात कालवली तर तीव्रता पाचपट, म्हणजे बाराशेच्या वर जाते. एवढं तीव्र पाणी आतड्यात गेलं की ते पाणी आत घेण्याऐवजी उलट शरीरातलं पाणी आतड्यात खेचतं, आणि ‘ओआरएस घेतल्यावर जुलाब वाढले’ अशी तक्रार ऐकू येते. अर्धी पुडी पेल्यात आणि अर्धी दुमडून ठेवली तरी फरक पडत नाही. ते मिश्रणही सहाशेच्या वर असतं, शिवाय उरलेली अर्धी दमट हवेत गोळा होते.

प्रवासात सोपी रीत अशी. सीलबंद लिटरच्या बाटलीतून दोन घोट पाणी पेल्यात काढा, पुडी पूर्ण ओता, झाकण लावून हलवा, मग काढलेलं पाणी परत घाला. काही थेंब इकडेतिकडे झाले तरी चालतं. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं, तापवायचं नाही. एकटा माणूस असेल किंवा लहान मूल असेल तर २०० मिलीच्या, सुमारे चार ग्रॅमच्या छोट्या पुड्या जास्त सोयीच्या. किंमत तुलनेने जास्त पडते, पण वाया जात नाही आणि हिशेब चुकत नाही. प्रत्येक पातळ शौचानंतर मोठ्यांनी एक-दोन पेले, २ वर्षांपुढच्या मुलांना १०० ते २०० मिली, त्याहून लहानांना ५० ते १००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. गटागटा प्यायलं की परत बाहेर येणारच.

एक गोष्ट पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापली जात नाही. एक लिटर ओआरएसमधलं सोडियम साधारण ४.४ ग्रॅम मिठाएवढं असतं. दिवसभराची मिठाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. जुलाबात गेलेलं सोडियम त्याने भरून निघतं, पण नुसतं ऊन लागतंय म्हणून सरबतासारखं दोन बाटल्या पिणं रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना महागात पडू शकतं. समुद्रकिनाऱ्यावर फिरताना पाणी, ताक, कोकमाच्या आगळाचं पाणी पुरेसं आहे.

आता टेट्रापॅक. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, खाद्यपेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द, आगेमागे काहीही जोडून, वापरायला बंदी केली. त्याआधी ‘हे डब्ल्यूएचओच्या सूत्राप्रमाणे नाही’ असा खुलासा छापून तो वापरता येत होता. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध बराच काळ झगडा दिला. नाव बदलून तीच पेयं फळीवर आहेत, आणि काउंटरवरचा पोरगा सवयीने तीच पुढे करतो. ओळखायची खूण सोपी आहे. मागचा तक्ता वाचा. खऱ्या ओआरएसमध्ये १०० मिलीला ग्लुकोज १.३५ ग्रॅम. पेयाच्या खोक्यावर याच ठिकाणी सात-आठ ग्रॅम साखर दिसली की ते परत द्या. ग्लुकॉन-डीसारखी ग्लुकोज पावडरही या कामाची नाही. त्यात नाव घेण्याजोगं सोडियमच नसतं. शहाळ्याचं उलट आहे, पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. शिवाय अख्खं शहाळं एकट्याने प्यायलं तर त्यातल्या सॉर्बिटॉलने आयबीएसवाल्याचं पोट गुरगुरू शकतं. एक शहाळं दोघांत, एवढं चालतं.

पुडी मिळालीच नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. यात मिठाचा हात जड झाला तर धोका, म्हणून चमचा सुरीने सपाट करून घ्या. आणि होमस्टेमध्ये असाल तर उकड्या तांदळाची पातळ पेज मागा, मीठ घालून. कोकणात तोंडातून शब्द काढायचा अवकाश, अर्ध्या तासात मिळते.

मुरड्याच्या गोळ्या: उन्हात इथेच सांभाळायचं

हा भाग काउंटरवर कोणीच सांगत नाही. पोटात कळ आली की आपल्याकडे डायसायक्लोमीन चालतं. सायक्लोपाम, मेफ्टाल-स्पास ही त्याची घराघरांतली नावं. आतड्याचे स्नायू सैल करण्यासाठी ते ज्या मज्जासंदेशांना अडवतं, तेच संदेश घामाच्या ग्रंथी चालवतात. म्हणजे कळ कमी होते आणि घामही कमी होतो. घरी पंख्याखाली हे जाणवत नाही. दुपारी दोन वाजता सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर फिरताना घाम न येणं म्हणजे अंगातली उष्णता अडकणं. तोंड कोरडं, त्वचा गरम आणि कोरडी, धडधड, गरगरणं ही त्याची चिन्हं. मेफ्टाल-स्पासमध्ये वर मेफेनॅमिक आम्लही आहे. ते वेदनाशामक पोटाला झोंबतं, काहींना त्यानेच जुलाब होतात, आणि शरीरातलं पाणी कमी असताना मूत्रपिंडावर ताण येतो.

ऍव्होमिनचंही तसंच. घाट लागू नये म्हणून घेतलेल्या त्या प्रोमेथाझिनने झोप येते, घाम कमी होतो आणि बद्धकोष्ठ वाढतं. ऍव्होमिन आणि सायक्लोपाम एकाच दिवशी, वर ऊन, ही जोडी टाळलेलीच बरी. पर्याय आहेत: मेबेव्हेरीन (कोलोस्पा) किंवा ड्रोटाव्हेरीन. ही दोन्ही स्नायूंवर थेट काम करतात, घामाच्या वाटेला जात नाहीत. मेबेव्हेरीन कळ आल्यावर घ्यायची गोळी नव्हे. १३५ मिग्रॅची गोळी जेवणाआधी वीस मिनिटं, दिवसातून तीनदा, असा नेम असतो. आपल्या डॉक्टरांकडून निघायच्या आठवडाभर आधी लिहून घ्या आणि घरीच दोन-तीन दिवस घेऊन बघा. नवीन औषधाचा पहिला प्रयोग गाडीत करू नये.

जुलाब थांबवणाऱ्या गोळ्यांत लोपरामाइड सर्वांत भरवशाचं आणि सर्वांत गैरवापर होणारं. २ मिग्रॅच्या दोन गोळ्या आधी, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दिवसात चारच्या वर नाही. जास्त मात्रेत ते हृदयाची लय बिघडवू शकतं. ताप असेल, शौचातून रक्त किंवा शेंब पडत असेल तर अजिबात नको. जंतू आणि त्यांचं विष आत कोंडून राहतं. बारा वर्षांखालच्या मुलांना नको. ज्यांना प्रवासाच्या धास्तीनेच चार वेळा जावं लागतं, त्यांना निघायच्या तासभर आधी घेतलेली एक गोळी कशेडीपर्यंत शांतपणे नेते, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी पोट अडणार हे धरून चाला, आणि त्या अडलेल्या पोटावर पुन्हा रेचक घेऊन नवा झोका सुरू करू नका. लोमोटिल मिळालं तर लोपरामाइडच बरं, कारण लोमोटिलमध्ये ॲट्रोपीन असतं आणि घामाची गोष्ट पुन्हा येते. डॉक्टर लिहून देत असतील तर रेसिकाडोट्रिल हा सौम्य पर्याय आहे. ते आतड्यातून पाणी सुटणं कमी करतं, आतड्याची हालचाल थांबवत नाही, त्यामुळे नंतर पोट अडत नाही.

‘लागलं तर’ म्हणून दिलेलं ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल हे अँटिबायोटिक परत करा. प्रवासातले बहुतेक जुलाब तीन-चार दिवसांत आपोआप थांबतात, भारतात या गटातल्या औषधांना पोटाचे जंतू मोठ्या प्रमाणावर दाद देईनासे झालेत, आणि आयबीएसवाल्याच्या आतड्यातली जी काही घडी बसलेली असते ती हे औषध विस्कटून टाकतं.

इसबगोल

साधं सत इसबगोल, बिनचवीचं, सिद्धपूरच्या टेलिफोन छापाचं किंवा दुसरं कुठलंही. पातळ झालेल्या मळातलं जास्तीचं पाणी ते धरतं आणि कडक झालेल्यात पाणी राखतं, म्हणून दोन्ही तऱ्हेच्या पोटांना चालणारी ही विरळ वस्तू. गव्हाच्या कोंड्याने जसा आयबीएसमध्ये गॅस आणि कळा वाढतात तसं याचं सहसा होत नाही.

मात्र सुट्टीत पहिल्यांदा सुरू करू नका. निघायच्या दहा दिवस आधी रोज अर्धा चमचा, मग एक सपाट चमचा, एवढ्या संथपणे. भरलेल्या पेल्यात, म्हणजे २०० ते २५० मिली पाण्यात ढवळून घट्ट व्हायच्या आत पिऊन टाका आणि वरून आणखी एक पेला पाणी प्या. परिणाम दिसायला बारा तास ते तीन दिवस लागतात. सकाळी घेऊन दुपारीच परिणाम शोधणाऱ्यांची निराशा होते. उन्हाळ्यात लोक इथेच फसतात. सहप्रवाशाला ‘गाडी थांबव’ म्हणायचं नाही म्हणून पाणी कमी पितात आणि इसबगोल मात्र चालू ठेवतात. मग ते आतड्यात ओल्या कापसासारखं गच्च बसतं. ज्या दिवशी दोन-अडीच लिटर पाणी होणार नाही त्या दिवशी इसबगोल बंद ठेवा. गिळायला त्रास होणाऱ्या वयस्कांना देऊ नका. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. डबी कोकणच्या हवेत उघडी राहिली की भुसा ओलसर होतो, तेव्हा रोजचा चमचा वेगवेगळ्या छोट्या झिपच्या पिशव्यांत भरून नेणं उत्तम. संत्र्याच्या चवीचे प्रकार टाळा. त्यात साखर तरी असते नाहीतर गोडी देणारं काहीतरी.

कुप्या, चूर्णं, सोडे

चांगल्या जंतूंच्या उत्पादनांत उन्हाचा प्रश्न आधी सोडवायचा. याकुल्ट १० अंशांखाली ठेवायचं असतं, त्यामुळे ते सुट्टीच्या यादीतून आपोआप बाद. एन्टेरोजर्मिनाच्या ५ मिलीच्या कुपीत बॅसिलस क्लॉसीचे दोन अब्ज बीजाणू असतात. बीजाणू असल्याने ते उष्णता सोसतात, पण जुलाब लवकर थांबवण्याबाबतचा पुरावा फार भक्कम नाही आणि किंमत मात्र भक्कम आहे. इकोनॉर्मची पुडी जास्त पटते. त्यात सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट आहे, फ्रीज लागत नाही आणि अँटिबायोटिकने मरत नाही. गरम पाण्यात कालवू नका, एवढंच. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नये.

हिंग्वाष्टक चूर्ण गॅसला बरं, पहिल्या घासाला भातात तुपाबरोबर पाव चमचा. सुंठ-मिरी-पिंपळी असल्याने छातीत जळजळ होणाऱ्यांना ते चढतं. पुदिनहऱ्यातला पुदिन्याचा अर्क आतडं सैल करतो, पण अन्ननलिकेच्या तळाचा स्नायूही सैल करतो, म्हणून ॲसिडिटीवाल्यांना ढेकरांबरोबर आग. इनो अधूनमधून ठीक. रक्तदाबवाल्यांनी त्यातल्या सोडियमची आठवण ठेवावी. ‘शुगर फ्री’ च्युइंगगम आणि मिठाया प्रवासात चघळू नका. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल ही त्यातली गोडी आतड्यात पाणी ओढते, आणि दोष जातो तो बिचाऱ्या माशाला.

रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. जठरातलं आम्ल ही जंतूंना अडवणारी पहिली चौकी आहे आणि ती चौकी या गोळीने निम्मी रिकामी असते. गोळी मनाने बंद करू नका, पण पाणी आणि बर्फाबाबत घरातल्या इतरांपेक्षा जास्त कडक राहा.

पाणी आणि बर्फ

मे महिन्यात कोकणातल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. ग्रामपंचायत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकते, पण कधी टाकली आणि किती टाकली हे पाहुण्याला कळायला मार्ग नाही. सगळ्यात पक्का उपाय म्हणजे उकळणं. खळखळून एक मिनिट पुरे, त्यात जीवाणू, विषाणू, परजीवी सगळे मरतात. होमस्टेच्या काकूंना रात्री एक पातेलं उकळून झाकून ठेवायला सांगितलं तर त्या नाही म्हणत नाहीत. फिल्टर लावलेली प्रवासी बाटली जीवाणू आणि परजीवी अडवते, पण साध्या जाळीतून कावीळ-अ सारखे विषाणू निसटतात. क्लोरीनच्या गोळ्या आणि मेडिक्लोरसारखे थेंब विषाणूंना चालतात. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळा, वेष्टनावरची मात्रा पाळा आणि पूर्ण अर्धा तास थांबा. लगेच प्यायलं तर वास येतो, काम झालेलं नसतं. बाटलीबंद पाणी घेताना झाकणाची कडी तुटताना हाताला जाणवली पाहिजे.

बर्फ हा खरा चोर. पाणी उकळलेलं आणि वर बर्फ मासळीबाजारातल्या लादीचा, असं सर्रास होतं. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं आहे. निळसर दिसला तर सरळ नकार द्या. पांढरा असला म्हणजे चांगलाच, असं मात्र त्यावरून ठरत नाही. कोकम सरबत ‘बर्फाशिवाय, फ्रीजमधल्या पाण्यात’ मागा.

खानावळीचं ताट

मालवणी थाळीची बदनामी तिखटामुळे होते. आयबीएसवाल्याला त्याहून जास्त नडतो तो कांदा-लसूण, कारण त्यातले फ्रुक्टान लहान आतड्यात पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यात आंबून गॅस करतात. फ्रुक्टान पाण्यात उतरतात, तेलात नाही. म्हणून लसणाची फोडणी देऊन पाकळ्या बाहेर काढल्या तर तेल चालतं, पण वाटणातला लसूण रश्श्यात पूर्ण उतरलेला असतो.

ताटातला ताजा मासा आयबीएसला स्वतः अगदी निर्धोक. तांदळाची भाकरी, भात, घावणे निर्धोक. तव्यावर भाजलेली सुरमई मागताना ‘हळद-मीठ-तिखट लावून, आलं-लसूण न लावता’ असं आधीच सांगा. मुरवत ठेवलेला तुकडा नंतर बदलता येत नाही. तिरफळाचं हुमण (माशाचं नारळाच्या वाटणातलं कालवण) मिळत असेल तर ते घ्या, सारस्वती पद्धतीत त्यात लसूण नसतो. सोलकढीतही लसूण आणि मिरची पडतेच. ‘काकू, लसूण घालायच्या आधी माझ्यासाठी एक वाटी बाजूला काढाल का?’ हे वाक्य बाराच्या आत जाऊन म्हणायचं, दीडच्या गर्दीत नाही. सोलकढीतलं नारळाचं दूध उन्हात फार लवकर उतरतं. सकाळी काढलेली आणि बाहेरच ठेवलेली कढी तीन वाजता पिऊ नका. त्यापेक्षा नारळ नसलेली तिवळ, म्हणजे नुसत्या कोकमाची कढी, बरी.

माशाबाबत आणखी एक. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे बर्फाशिवाय तापले की त्यांत हिस्टामिन तयार होतं, आणि ते तळून, उकळून, कशानेही जात नाही. घास जिभेला मिरीसारखा चरचरला तर थांबा. खाल्ल्यापासून तासाभरात चेहरा लाल, डोकं जड आणि जुलाब झाले तर ते पोटाच्या नाजूकपणामुळे नव्हे. १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते; त्यानंतर ताटात आलेला मोठा मासा बर्फातला किंवा बाहेरगावचा समजून चौकशी करा.

आंब्याचं काय, हा प्रश्न टाळता येत नाही. हापूसमध्ये फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा जास्त, आणि ते जास्तीचं फ्रुक्टोज बऱ्याच आयबीएसवाल्यांच्या आतड्यात शोषलं जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या आयबीएससाठीच्या आहारतक्त्यात आंब्याचा सुरक्षित भाग जेमतेम ४० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन फोडी. आमरसाच्या वाटीत त्याच्या चौपट सहज बसतो, जोडीला गव्हाच्या पुऱ्या आणि कांदा घातलेली बटाट्याची भाजी. हे ताट एखाद्या दिवशी खायचंच असेल तर मुक्कामाच्या दिवशी खा, प्रवासाच्या आदल्या रात्री नाही. ओल्या काजूची उसळ चवीला अप्रतिम आणि गॅसला त्याहून अप्रतिम. दोन चमचे चाखा. कलिंगडही फ्रुक्टोजवालंच, त्यात कापून ठेवलेलं असेल तर दुहेरी धोका. पपई, अननस, खरबूज हे सहसा सोसतात, पण सालासकट आणून स्वतः कापलेले.

नाश्त्यानंतर मोठं आतडं आपोआप हलतं. म्हणून गरम चहा-नाश्ता झाल्यावर पाऊण तास मुक्कामी थांबूनच गाडीत बसा. चहा घेऊन लगेच निघालं की ती वेळ नेमकी घाटात येते.

डबा कुठे ठेवावा आणि डॉक्टर कधी

सगळं सामान एका हवाबंद डब्यात, आणि तो डबा पायाजवळच्या पिशवीत. डिकीत किंवा डॅशबोर्डवर नको. उन्हात बंद उभ्या गाडीत डॅशबोर्ड ६० अंशांच्या पुढे जातो आणि कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. बहुतेक गोळ्यांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. चौघांच्या कुटुंबाला आठवड्यासाठी ओआरएसच्या सहा मोठ्या आणि दहा छोट्या पुड्या, लोपरामाइडच्या सहा गोळ्या, डॉक्टरांनी लिहिलेली मुरड्याची एक पट्टी, इसबगोलच्या पिशव्या, साबणाची छोटी वडी आणि थर्मामीटर एवढं बास. सॅनिटायझर सगळ्या जंतूंना चालत नाही, नोरोविषाणूला तर फारच कमी; साबण-पाणी मिळेल तिथे तेच.

शौचातून रक्त, १०१ च्या वर ताप, सहा-आठ तास लघवी नाही, घोटभर पाणीही पोटात न टिकणं, किंवा उन्हातून आल्यावर असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं तर डबा बाजूला ठेवून जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा १०८. उष्माघाताची शंका असेल तर वाट न बघता अंगावर पाणी आणि वारा.

घरी परतल्यावर दोन आठवड्यांनंतरही पोट पातळच असेल, तर ‘आपलं आयबीएस वाढलं’ म्हणून सोडून देऊ नका. जिआर्डियासारखा परजीवी साध्या शौचतपासणीत सापडू शकतो आणि त्यावर नेमकं औषध आहे. मात्र तो रोज बाहेर पडत नसल्याने वेगवेगळ्या दिवशींचे तीन नमुने द्यावे लागतात.